एका डोळ्याचा भाऊ

मे महिन्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून आमच्याकडे अनगोळला येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकंच जास्त असतात. यंदा त्यात एक इंग्रजी पुस्तक होतं, 'द सी ऑफ मॉन्स्टर्स'. म्हणजे राक्षसांचा समुद्र. रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाचं, 2006 सालचं. पर्सी जॅक्सन नावाच्या मुलाच्या गोष्टीचा हा दुसरा भाग. ग्रीक पुराणातले देव आजच्या अमेरिकेत वावरतात, समुद्राचा देव पोसायडन हा पर्सीचा बाप, आणि पर्सीच्या हातात तलवार. राक्षस मारला की त्याची धूळ होते आणि काही काळानं तो पुन्हा उभा राहतो.

मी म्हटलं, "बाळा, दिवसभर हे काय मारणं-तोडणं वाचतोस? आपल्याला शोभतं का हे?"

"आज्जी, ते खरे नाहीतच. आणि कायमचे मरतही नाहीत. मग पाप कसलं?"

प्रश्न काही खोटा नव्हता. मी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची. त्यानंतर पाचच वर्षांनी जन्न कवीनं ही गोष्ट कन्नडमध्ये लिहिली. संस्कृतात, प्राकृतात ती त्याच्याही आधीची आहे. राजाच्या आईचा हट्ट, देवीला कोंबड्याचा बळी दे. राजा म्हणाला, जीव मारणार नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि त्याच्यावर तलवार चालवली. पिठाला कुठला आला जीव? पण मारण्याचा भाव खरा होता ना! त्यापायी मायलेकरांना मोर, कुत्रा असे किती जन्म भोगावे लागले.

नातू विचारात पडला. मग म्हणाला, "पण पर्सी मारायला जात नाही गं. ते अंगावर येतात."

आता मी विचारात पडले. आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडलीच पाहिजे. चूल पेटवताना, पोट भरण्याचा उद्योग करताना आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना जी घडते, ती त्याला पूर्णपणे टळत नाही. मूल माझ्यापेक्षा नीट बोललं होतं. मग वाटलं, न वाचताच नावं कशाला ठेवायची? दुपारी तो झोपला की पुस्तक मी घ्यायची. बी.ए.चं इंग्रजी तीस-पस्तीस वर्षांनी कामाला आलं.

पुस्तकात टायसन नावाचा एक मुलगा आहे. थोराड, भाबडा, बेघर. शाळेत पर्सी एकटाच त्याचा मित्र. पुढे कळतं की टायसनला एकच डोळा आहे, तो राक्षसकुळातला आहे, आणि पोसायडनचाच मुलगा. म्हणजे पर्सीचा सावत्र भाऊ. बाकीची मुलं हसतात आणि पर्सीला त्याची लाज वाटू लागते. मित्र होता तोवर चालला, भाऊ झाल्यावर चालेना!

पुढे पॉलिफेमस हा दुसरा एकडोळ्या येतो. हा मात्र खरोखर माणसं खाणारा. तो पर्सीच्या तलवारीखाली सापडतो, रडू लागतो, आणि पर्सीचा हात थांबतो. हाही समुद्रदेवाचाच मुलगा, टायसनसारखा, हे त्याला आठवतं. तो त्याला सोडतो. पॉलिफेमस लगेच उलटून तडाखा देतो. हे मला पटलं. दया केली की समोरचा सुधारतोच, असं कुठे आहे? आपला हात का थांबला, एवढंच आपल्या हाती.

आपल्या आचार्यांनी हे काम फार पूर्वी केलंय. जैन रामायणात राक्षस हे माणसं खाणारे नाहीत, ते विद्याधरांचं एक कुळ आहे. रावणाला दहा डोकी नव्हती. गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याचंच तोंड नऊ ठिकाणी दिसलं, म्हणून तो दशमुख. बघणाऱ्याच्या डोळ्यांनी राक्षस केलेल्याला त्यांनी पुन्हा माणसात आणून बसवलं.

हे सगळं नातवाला ऐटीत सांगत होते. तो मध्येच म्हणाला, "आज्जी, तुला कधी कुणाची लाज वाटली?"

माझं माहेर निपाणीकडचं. मला दोन भाऊ. धाकट्याचं बोलणं अस्पष्ट, चालणं वेडंवाकडं, समज उशिरा. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी त्याला तंबाखूच्या वखारीत नेऊन बसवलं. ते मोठ्यांनी केलं, मान्य. पण पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "भाऊ किती?" आणि मी खाली मान घालून म्हटलं, "एक." ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तलवार नाही, पीठही नाही, एक शब्द फक्त. त्या शब्दानं मी जिवंत भाऊ नाहीसा केला. याला संकल्पी म्हणायचं नाही तर काय!

तो आजही थोरल्याकडे असतो. मी गेले की बस थांब्यापर्यंत माझी पिशवी उचलून आणतो. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मी सगळ्यांना हात जोडते, त्यालाही जोडते. पण कशाबद्दल, ते कधी बोलले नाही. सगळ्यांना एकदम 'उत्तम क्षमा' म्हणणं सोपं असतं, मैत्रिणींनो.

यंदा भाद्रपदात निपाणीला जाऊन त्याच्यासमोर बसायचं आणि तो एक शब्द सांगायचा, असं ठरवलंय. मन म्हणतं, त्याला काय कळणार? पण वखारीत नेऊन बसवताना सगळे हेच तर म्हणत होते.