पुढे चालवायचे ऋण

शेजारून वाटीभर लोणचे आले तर ती वाटी रिकामी परत पाठवायची नाही, असा साताऱ्यातल्या आमच्या घरचा नियम होता. घरात देण्याजोगे काही नसले तर आजी वाटीत चिमूटभर साखर घालून द्यायची. तोंडाने आभार मानलेले तिला आवडत नसे. 'आभार मानून परकं करू नका,' असे ती म्हणायची. ज्याने दिले त्याला जमेल तसे परत द्यायचे, हा कृतज्ञतेचा मला मिळालेला पहिला धडा. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांना मातृऋण, गुरुऋण, समाजऋण असे विषय असत आणि ऋण फेडण्याच्या निर्धारावर भाषण संपे.

त्या वयात कृतज्ञता माझ्या मनात देण्याघेण्याच्या हिशेबासारखी होती. त्यात खोट नव्हती. गल्ली, नातलग, शिक्षक, मैत्रिणी, म्हणजे एकमेकांची दारे ठाऊक असलेल्या माणसांचे जग या हिशेबावर नीट चालते. देणाऱ्याचे दारच ठाऊक नसेल तर काय करायचे, हा प्रश्न मला पडला तो 2020 साली. बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती.

22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या गल्लीतही थाळ्या वाजल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्यासाठी लोक मनापासून वाजवत होते. आईचे डोळे भरून आले होते. त्यानंतर तीन दिवसांत देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि पुणे–बंगळुरू महामार्गावरून डोक्यावर बोचकी, कडेवर मुले घेऊन चालणारी माणसे दिसू लागली. आमच्या भागातल्या बायकांनी भाकऱ्या थापायला घेतल्या. भाकरी, कोरडे पिठले, ठेचा आणि पाण्याची बाटली अशी पाकिटे आम्ही मुले महामार्गावर नेऊन देत होतो. पाकीट घेणारा क्षणभर थांबे, हात जोडे आणि चालू लागे. त्याचे नाव आम्ही विचारले नाही, आमचे त्याने विचारले नाही. इथून काही परत येणार नाही हे पक्के ठाऊक असूनही त्या बायका पहाटेपासून तव्यापुढे उभ्या असत. घरातला हिशेब इथे लागू पडत नव्हता, पण घरात शिकवलेलेच काहीतरी इथे चालू होते, एवढे जाणवले.

त्याच काळाने आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्याकडे ताप मोजायला येणाऱ्या आशाताईंना सगळे हात जोडायचे. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविका संपावर गेल्या. करोनाच्या जोखमीच्या कामाचा रास्त मोबदला द्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा सेविकांचा गौरव केला आणि तो योग्यच होता. पण कष्टाच्या दामाची जागा कृतज्ञता घेऊ शकत नाही, हे त्या संपामुळे माझ्या मनात कायमचे ठसले. ज्या बाईपुढे हात जोडायचे, तिची मागणीही कान देऊन ऐकायला हवी. नाहीतर आभार म्हणजे तिला गप्प बसवण्याची सोय होते.

2023 साली मी इतिहासाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी चंदीगडला, पंजाब विद्यापीठात आले. सरळ रस्ते, क्रमांकांचे सेक्टर, रांगेने लावलेली झाडे. पहिल्या दिवसांत या शहराला भूतकाळच नाही असे वाटायचे. अभ्यास सुरू झाल्यावर कळले की हे सगळे शहरच एका दुःखातून उभे राहिले आहे. 1947 च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी नवी राजधानी बांधायचे ठरले. माझे विद्यापीठसुद्धा निर्वासितच. 1882 साली लाहोरला स्थापन झालेल्या विद्यापीठाचा हा भारतातला वारस काही वर्षे सोलनच्या लष्करी छावणीतून कारभार चालवत होता, आणि 1956 साली तो इथे आला. मी ज्या ग्रंथालयात बसते ते कुणीतरी सगळे गमावल्यावर पुन्हा पहिल्यापासून उभारलेले आहे. त्या उभारणाऱ्यांपैकी कुणाचेही दार मला ठाऊक नाही.

या शहरातल्या दोन माणसांमुळे माझा विचार पुढे सरकला. पहिले नेकचंद. आज पाकिस्तानात असलेल्या शकरगड भागातून फाळणीत उखडले जाऊन ते इकडे आले आणि चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. नवे शहर वसवताना इथली जुनी गावे उठवली जात होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस नेकचंद त्या गावांतला राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, चिनी मातीची मोडकी भांडी सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेऊन त्यांतून शिल्पांची बाग घडवू लागले. दिवसा नोकरी आणि संध्याकाळनंतर हे काम. परवानगी नव्हती, म्हणून कुणाला सांगायचीही सोय नव्हती. हे काम अनेक वर्षे लपून चालले. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना ते दिसले, तेव्हा नियमाप्रमाणे ते पाडता आले असते. प्रशासनाने ते राखले आणि नेकचंदांना त्याच कामावर नेमले. 1976 साली ही बाग रॉक गार्डन या नावाने लोकांसाठी खुली झाली. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2015 मध्ये ते गेले.

तिथे बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बाहुल्यांची एक रांग आहे. जवळून पाहिले की हिरव्या, लाल, पिवळ्या काचेचा एकेक तुकडा सिमेंटमध्ये बोटाने दाबून बसवलेला दिसतो. असे किती तुकडे एका माणसाने किती संध्याकाळी बसवले असतील! गाव सुटलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या सुटलेल्या गावांचे अवशेष वेचले आणि ते टाकाऊ ठरू दिले नाहीत. चंदीगडची आखणी करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण या शहराबद्दल कृतज्ञ राहायचे तर ज्यांची शेते आणि घरे त्याखाली गेली, त्यांचीही आठवण ठेवावी लागते. ती आठवण मला नेकचंदांच्या कामात भेटली.

दुसरे जगदीशलाल आहुजा. पेशावरचा हा मुलगा फाळणीत निर्वासित होऊन आला, चंदीगडमध्ये हातगाडीवर केळी विकू लागला आणि पुढे फळांचा मोठा व्यापारी झाला. नंतर त्यांनी पीजीआय रुग्णालयाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना रोज जेवण द्यायला सुरुवात केली. डाळ, पोळी, भात, हलवा आणि एक केळे. खर्च भागेना तेव्हा स्वतःच्या मालमत्ता विकल्या, आजारपणातही लंगर थांबू दिला नाही. लोक त्यांना 'लंगर बाबा' म्हणत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की पीजीआय आहे. हरियाणा, हिमाचल, काश्मीर, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे तिथे पदपथावर चटया टाकून बसलेली असतात, आणि जेवण वाटणारे हात आजही तिथे येतात.

देणे मी महामार्गावर थोडेफार शिकले होते. घेणे मी चंदीगडमध्ये शिकले. पहिल्यांदा गुरुद्वारात पंगतीत बसले तेव्हा संकोच झाला, आपण कुणाचे काही केलेले नसताना हे जेवण घ्यायचे कसे, असे वाटले. पोळी वाढणारे सेवेकरी 'परशादा जी' म्हणत पुढे आले. इथे पोळी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची असते. ओंजळ पुढे केल्यावर ऐट राहत नाही आणि लाजही राहत नाही, कारण शेजारचा व्यापारीही तशीच ओंजळ करून बसलेला असतो. मी महाराष्ट्रातली आहे हे कळल्यावर सेवेकरी म्हणाले, 'अच्छा, भगत नामदेव जी के इलाके से!' सातशे वर्षांपूर्वी एक मराठी संत इकडे आले, घुमानला राहिले आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात सामावली गेली. त्यांनी जे दिले ते पंजाबने इतकी वर्षे जपले आणि त्याच परंपरेतून माझ्या ओंजळीत पोळी पडली. नामदेवांना मी काय परत देणार, आणि पंजाबला तरी काय? हे ऋण फिटण्यासारखे नव्हतेच. ते पुढे चालवायचे होते.

चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलात, या शहराची आखणी करणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी कल्पिलेला उघडा हात वाऱ्यावर फिरत उभा आहे. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला होता. तो उभारला गेला 1985 साली, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. त्या हातातला घेण्याचा भाग मला त्या पंगतीनंतर उमगला.

तरीही माझ्या कृतज्ञतेत एक उणीव राहून गेली होती. 2022 मध्ये युक्रेनमधले आणि 2023 पासून गाझामधले विध्वंस फोनवर दिसत होते. ते पाहून मनात येणारा पहिला विचार 'आपण किती सुदैवी' हाच असे. ही भावना स्वाभाविक आहे, पण दुसऱ्याच्या दुर्दैवावर उभी आहे. मे 2025 मध्ये ती टिकली नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत आणि पाकिस्तानमध्ये संघर्ष पेटला आणि 9 मेच्या सकाळी चंदीगडमध्ये हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले. घरातच राहा, बाल्कनीपासून दूर राहा, अशा सूचना आल्या. रात्री शहर अंधारात गेले. आता फोनवर आम्ही दिसत होतो आणि दूर कुठेतरी कुणीतरी स्वतःला सुदैवी म्हणत असणार. आई साताऱ्याहून सारखी फोन करत होती, 'मिळेल त्या गाडीने निघून ये.'

त्या दिवसांत एका मैत्रिणीने मला सेक्टर 22 मधल्या तिच्या घरी नेले. तिच्या आजीला सगळे बीजी म्हणतात. 1947 साली त्या आठ वर्षांच्या होत्या आणि कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत राहिल्या होत्या. दिवे बंद, खिडक्यांवर जाड चादरी, आणि स्वयंपाकघरात बॅटरीच्या मंद उजेडात बीजी कणीक मळत होत्या. पाच माणसांच्या घरात त्यांनी खूप जास्त पोळ्या केल्या. मी विचारले तर म्हणाल्या, 'की पता कौण आ जावे, पुत्तर.' काय सांगावे, कोण येईल. छावणीत पहिल्या रात्री एका अनोळखी बाईने त्यांच्या हातावर पोळी ठेवली होती. तिचा चेहरा आठवत नाही, नाव कधी कळलेच नाही. तेव्हापासून संकटाच्या दिवसांत त्या जास्तीच्या पोळ्या करतात. आपल्याला मिळाले म्हणून आभार मानून बीजी थांबल्या नव्हत्या. ते ऋण त्यांनी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कणीक मळून पुढे दिले होते.

दुसऱ्या दिवशी, 10 मे रोजी, नागरी संरक्षणासाठी स्वयंसेवक हवेत या प्रशासनाच्या आवाहनावरून सेक्टर 18 मधल्या टागोर थिएटरपाशी माझ्या वयाच्या मुलामुलींची एवढी गर्दी लोटली की रस्ते भरून गेले. त्याच संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. ज्यांच्या पणजोबांना एके काळी कुणीतरी आसरा दिला होता, ती मुले आता 'आम्ही काय करू' असे विचारत उभी होती.

माझ्या मनात कृतज्ञता, प्रेम आणि कष्ट या तीन गोष्टी पूर्वी वेगवेगळ्या होत्या. कृतज्ञता म्हणजे मनातली भावना, प्रेम आपल्या माणसांसाठी आणि कष्ट पोट भरण्यासाठी. आता त्या एकाच कामाच्या तीन बाजू वाटतात. मिळालेल्याची जाणीव ही सुरुवात. त्या जाणिवेत अनोळखी माणूसही मावला की ते प्रेम होते, आणि ते प्रेम खरे की खोटे हे कष्टांवरून ठरते. या मातीतला नसलेला वास्तुविशारद पिएर जनरे या शहराच्या बांधकामासाठी पंधराच्या आसपास वर्षे इथे राबला. त्याचा मृत्यू जिनिव्हात झाला, पण त्याच्या इच्छेनुसार त्याच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या पूर्ण केल्यावर पसायदान मागितले ते स्वतःसाठी नव्हे, साऱ्या प्राणिमात्रांसाठी. लहानपणी ते आम्ही शाळेत रोज म्हणत असू. एवढ्या श्रमाचे फळ कुणीतरी सगळ्यांच्या नावे करून टाकले, हा त्यातला विचार आत्ता कुठे माझ्यापर्यंत पोहोचला.

जगातल्या घटना आपल्या हातात नाहीत. युद्ध कधी सुरू होईल, सीमा कुठून जाईल, कुणाचे घर राहील, हे बीजींनी ठरवले नव्हते आणि आपणही ठरवत नाही. पण त्या घटनांतून वाचलेल्या माणसाने वाचल्यावर काय करायचे, हे त्याच्या हातात असते. माझ्या वयाच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या आयुष्यातली एखादी चांगली गोष्ट घ्या आणि तिच्यामागे कुणाचे कष्ट आहेत ते शोधा. तो माणूस समोर असेल तर त्याचा रास्त मोबदला त्याला मिळतो का ते पाहा. तो सापडत नसेल, तर तेवढ्याच कष्टाचे एक काम अशा कुणासाठी करा, ज्याला तुमचे नाव कधीच कळणार नाही.