खडकांची साक्ष आणि निर्मात्याचे सत्य

ख्रिस्ती श्रद्धा आणि भूविज्ञान यांच्यातील वाद बहुधा आकड्यांचा वाद म्हणून मांडला जातो. एका बाजूस आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली सृष्टीच्या आरंभासाठी निश्चित केलेले इसवी सनपूर्व ४००४ हे वर्ष. दुसऱ्या बाजूस क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली शिशाच्या समस्थानिकांवरून काढलेले सुमारे ४५५ कोटी वर्षांचे वय. या वादाच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न मात्र फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘ऑम्फॅलोस’ (१८५७) या ग्रंथाने समोर आणला.

गॉस हे सागरी जीवांचे नामवंत अभ्यासक आणि बायबलचा शब्दार्थ प्रमाण मानणारे श्रद्धावंत. ‘ऑम्फॅलोस’ म्हणजे ग्रीक भाषेत नाभी. त्यांच्या मते जीवन चक्राकार असते. त्या चक्रात निर्मिती कोठेही घडली, तरी न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा तीत अटळपणे असणारच. आदम मातेविना अवतरला, तरी त्याला नाभी असणार. पहिला वृक्ष वाढीच्या वलयांसहच उभा राहणार. जीवाश्मांनाही त्यांनी हाच न्याय लावला.

हा युक्तिवाद कोणत्याही निरीक्षणाने खोडता येत नाही. धर्मोपदेशक आणि निसर्गाभ्यासक असलेले त्यांचे स्नेही चार्ल्स किंग्जली यांनी तो नाकारला, तो श्रद्धेच्याच भूमिकेवरून: ईश्वराने खडकांवर असत्य कोरले, हे त्यांना मान्य होईना.

गॉस यांच्या बाजूने म्हणता येईल की या खुणा फसविण्यासाठी नव्हत्या. त्या चक्राच्या नियमातून आल्या होत्या, आणि खरा काळ धर्मग्रंथाने सांगितलाच होता. परंतु हे समर्थन नाभीपाशीच थांबते. इंग्लंडमधील कर्कडेल गुहेत तरसांनी कुरतडलेली हाडे सापडली. विल्यम बकलंड या धर्मगुरू-भूवैज्ञानिकाने १८२० च्या दशकारंभी त्यांचा अभ्यास केला. अशा जुन्या हाडांवरील दातांचे व्रण कधी न झालेल्या भक्षणाचे मानले, तर न भोगलेल्या मृत्यूचा पुरावा निर्मात्यानेच रचला, असे म्हणावे लागते.

ख्रिस्ती परंपरेने निसर्ग आणि धर्मग्रंथ यांना एकाच कर्त्याचे दोन ग्रंथ मानले आहे. त्यांपैकी एकातील चिन्हे कधीच नसलेल्या घटनांकडे निर्देश करीत असतील, तर दुसऱ्यातील चिन्हांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? धर्मग्रंथ आणि त्याचे स्मरण यांसह सारे जग कालच निर्माण झाले, असेही मग त्याच तर्काने म्हणता येईल. संहितेचा शब्दार्थ राखण्यासाठी गॉस यांनी तिच्या कर्त्याची सत्यनिष्ठाच पणाला लावली. आणि ती गेल्यावर राखलेल्या शब्दार्थालाही आधार उरत नाही.