महादरवाजातून पुढे

महाडच्या एका घरात दिवाळीच्या सुट्टीत दोघा भावंडांनी एकाच खेळाचे दोन वेगळे प्रोग्राम लिहायला घेतले. खेळ साधाच होता. पडद्यावर रायगडावरच्या एखाद्या जागेचं नाव यायचं, खेळणाऱ्याने ‘पुढे’, ‘मागे’, ‘डावीकडे’ असं काही टाइप करायचं आणि पुढच्या जागी पोचायचं. पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, म्हणून धाकटीने तीही मराठीच ठेवली होती.

दादाने प्रत्येक जागेसाठी वेगळं ‘इफ’ लिहिलं. महादरवाजात आहे आणि पुढे म्हटलं तर हत्ती तलाव, हत्ती तलावाशी आहे आणि पुढे म्हटलं तर गंगासागर. प्रोग्राम लांबत गेला, पण दुपारपर्यंत चालूही झाला.

नववीतली धाकटी मात्र अडून बसली होती. पुस्तकातलं उदाहरण बघून तिने एक डिक्शनरी केली होती. प्रत्येक जागेच्या नावापुढे आणखी एक छोटी डिक्शनरी, तिथून कुठली दिशा कुठे नेते ते सांगणारी. त्याखाली एकच ‘व्हाइल’ लूप. पण ‘पुढे’ लिहा नाहीतर आणखी काही, पडद्यावर पुन्हा महादरवाजाच.

“मामा, तू एकदा बघ ना. कुठली ओळ चुकलीय तेवढं सांग.”

मामा पुण्याला प्रोग्रामिंगचंच काम करायचा. चूक त्याला एका नजरेत दिसली, पण त्याने सांगितली नाही. मला तर वाटतं, त्या दिवशी त्याने तिच्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम ते हेच. त्याने वहीचं कोरं पान पुढे केलं, त्यावर ‘जागा’ आणि ‘दिशा’ असे दोन रकाने आखले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

“आता तूच कॉम्प्युटर. एकेक ओळ वाचायची आणि ती सांगते तेवढंच करायचं. तुझ्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक नाही.”

ती मोठ्याने वाचू लागली. जागा, महादरवाजा. दिशा, पुढे. डिक्शनरीत महादरवाजा शोधला, त्यात ‘पुढे’ शोधलं. जुनी जागा खोडून तिने ‘हत्ती तलाव’ लिहिलं. फेरी संपली, लूपच्या पहिल्या ओळीवर परत. तिथे लिहिलं होतं, जागा महादरवाजा.

“अगंबाई! ही ओळ लूपच्या आत आहे. दर फेरीला मीच स्वतःला खाली आणून सोडतेय!”

पायथॉनमध्ये ओळीच्या आधी सोडलेली मोकळी जागा हाच हुकूम असतो. लूपखाली आत सरकवलेल्या ओळी प्रत्येक फेरीत चालतात, न सरकवलेल्या त्यात येत नाहीत. तिने ती ओळ लूपच्या वर नेली, डावीकडे कडेला आणली आणि खेळ चालवला. ‘पुढे’ टाइप केलं. एक पाऊल पडलं आणि प्रोग्राम कोसळला. खाली ‘की-एरर’ आली.

“ट्राय-एक्सेप्ट घाल,” दादा म्हणाला. “एरर दिसायचीच बंद होईल.”

“दिसायची बंद होईल, चूक तिथेच राहील,” मामा म्हणाला. “आधी अवतरणात काय छापलंय ते वाच.”

छापलं होतं ‘हत्तीतलाव’. डिक्शनरीत जागेचं नाव होतं ‘हत्ती तलाव’, मधे जागा सोडून. महादरवाजाच्या वाटेत मात्र तिने तेच नाव जोडून लिहिलं होतं. माणसाला दोन्ही एकच वाटतात, डिक्शनरीला नाही. तिला अक्षरन्‌अक्षर जुळावं लागतं. खरी गंमत पुढे होती. मघाशी पानावर लिहिताना तिने जोडलेला शब्द आपसूक तोडून लिहिला होता. कॉम्प्युटर झाल्यावरही तिच्या डोळ्यांनी माणसासारखी दुरुस्ती केली होती. ते तिचं तिलाच उमगलं आणि ती किती तरी वेळ त्या पानाकडे बघत राहिली.

चहाच्या वेळी मामाने विल क्राउदरची गोष्ट सांगितली. तो अमेरिकेतला प्रोग्रामर, केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांमध्ये हिंडलेला. 1970 च्या दशकात आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्याने फोर्ट्रानमध्ये ‘ॲडव्हेंचर’ लिहिला, शब्दांनीच पुढे सरकणारा, त्याच गुहांच्या वाटांवर बेतलेला. पायथॉन तर 1991 साली आली. पण ‘ॲडव्हेंचर’मध्येही हेच होतं, मामा म्हणाला. जागांचा तक्ता वेगळा आणि त्यावरून चालणारा लूप वेगळा.

संध्याकाळी आजी खेळायला बसली. होळीच्या माळावरून बाजारपेठेत आली आणि थबकली.

“टकमक टोक कुठाय रे? ते नाही तर कसला रायगड!”

दादा आपल्या ‘इफ’च्या रांगेत ही नवी जागा नेमकी कुठे मधे घुसवायची ते शोधू लागला. धाकटीने लूपला हात लावला नाही. डिक्शनरीत टकमक टोकाची एक ओळ घातली, तिथून मागे आलं की बाजारपेठ. मामा खेळ चालवायला वाकला, तोच तिने हात आडवा केला.

“थांब मामा. इथून परत येता येईल, पण इथे पोचणार कसं? बाजारपेठेच्या वाटांमध्ये मी टकमक टोक लिहिलंच नाहीये.”

तिने ते लिहिलं, नाव दोन्हीकडे सारखंच आहे ना ते बोट ठेवून अक्षर अक्षर पडताळलं आणि मग कीबोर्ड आजीकडे सरकवला. दादा खुर्ची ओढून तिच्या शेजारी आला होता. “ते रकान्यांचं पान दे,” तो म्हणाला, “मला माझा प्रोग्राम त्यावर चालवून बघायचाय.”