संदेशाचा उरलेला भाग



आजचं वाचन उद्योगपर्वातलं. शिष्टाई फसते, श्रीकृष्ण हस्तिनापुरातून निघतात आणि निघताना कर्णाला आपल्या रथात घेतात, तो प्रसंग. याआधी मी तो कितीतरी वेळा वाचलाय. पण या वेळी तो आत उतरायला मला एक सिनेमा लागला. हसू नका. ११ जुलै २०२५ ला आलेला जेम्स गनचा नवा 'सुपरमॅन'. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या आणि मग वाचा, कारण गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आधी कबूल करते, मी रागातच गेले होते. २०१३ मध्ये 'मॅन ऑफ स्टील' आला तेव्हा मी अकरावीत होते. अभ्यासाच्या टेबलावर विठोबाचा फोटो आणि त्याच्या शेजारी हेन्री कॅव्हिलचं पोस्टर. आई विचारायची, "उदबत्ती नक्की कुणाला लावतेस?" झॅक स्नायडरचा तो सुपरमॅन गंभीर होता, एकटा होता. त्याचा जन्मदाता बाप जॉर-एल, म्हणजे रसेल क्रो, मेल्यानंतरही त्याला वाट दाखवत राहतो. मला ते फार भारी वाटायचं. वारसा असावा तर असा!

आणि आता? लाल चड्डी परत आलेली. केप घातलेला एक द्वाड कुत्रा. आणि ऐन राक्षसाशी झुंज चाललेली असताना एका खारीला उचलून बाजूला ठेवणारा सुपरमॅन! भावाच्या कानाशी लागून म्हटलं, "हा माझा सुपरमॅन नाहीच." तो म्हणाला, "ताई, पॉपकॉर्न खा."

पण खरा धक्का पुढे होता. या सिनेमात सुपरमॅनच्या आईवडिलांनी त्याला पृथ्वीवर पाठवताना एक संदेश दिलेला असतो. प्रवासात तो खराब होतो, त्यामुळे अर्धाच शिल्लक राहतो. आम्ही तुझ्यावर प्रेम करतो, तिथल्या लोकांचं भलं कर, अशा अर्थाचा. जखमी होऊन घरी आला की तो हाच संदेश लावून ऐकतो. त्याचं सगळं जगणं त्या अर्ध्या संदेशावर उभं. मग लेक्स लुथरच्या हाती उरलेला अर्धा भाग लागतो. त्यात तेच आईवडील सांगतात की तिथली माणसं दुबळी आहेत, त्यांच्यावर राज्य कर. लुथर तो संदेश साऱ्या जगाला दाखवतो आणि कालपर्यंत टाळ्या वाजवणारे लोक पाठ फिरवतात.

मी वाट बघत होते की आता कळेल, ही लुथरची लबाडी आहे. जॉर-एल असं बोलूच शकत नाही! पण नाही. संदेश खरा निघतो.

माझ्यासारखे जुने चाहते यावर किती चिडले असतील, ते मी सांगायला नको. पण थिएटरमध्ये मला राग आला नाही, पोटात गोळा आला. कारण मे महिन्यात माझ्या हातात असाच एक उरलेला अर्धा भाग आला होता.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ज्ञानेश्वरी मला त्यांनी शिकवली. पहाटे कंदील लावून वाचायचे, मी गोधडीतून ऐकायचे. त्यांच्या हातची पोथी आज माझ्याकडे आहे, समासांत त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. हा ब्लॉग सुरू केला तो त्या खुणांच्या भरवशावर. मे महिन्यात गावी घर आवरताना ट्रंकेत जमिनीचे जुने कागद सापडले. त्यात १९८६ चं एक हक्कसोडपत्र होतं. आबांच्या धाकट्या भावाच्या विधवेने, आमच्या धाकट्या आजीने, आपला हिस्सा आबांना सोडल्याचं. खाली तिचा अंगठा. बाबांना विचारलं तर ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, "तिला वाचता येत नव्हतं. निराधारच्या पगाराचा कागद आहे म्हणून सांगितलं होतं."

बस. एवढंच.

त्या दिवसापासून पोथी उघडली नाही. तुम्ही विचारत होतात ना, मे-जूनमध्ये पोस्ट का आल्या नाहीत? ऑफिसचं काम नव्हतं काही. १० जुलैला, गुरुपौर्णिमेला, आबांच्या फोटोला हार घालताना हात थरथरला. दुसऱ्या दिवशी भावाने ओढून सिनेमाला नेलं.

आता कर्णाकडे येऊया. रथात श्रीकृष्ण त्याला सांगतात, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस. चल, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझं. जन्माची खरी गोष्ट अशी ऐन युद्धाच्या तोंडावर समोर आल्यावर माणूस काय करेल? कर्ण डळमळत नाही. तो म्हणतो, मला अधिरथाने घरी आणलं, राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिने माझं सगळं केलं. माझे संस्कार त्यांनी केले. तेच माझे आईवडील.

नव्या सिनेमातला सुपरमॅनही शेवटी इथेच येतो. सगळं हरून, आजारी होऊन तो कॅन्ससमधल्या शेतावर केंट जोडप्याकडे परततो. हे दोघे काही राजबिंडे नाहीत. साधी, गावरान बोलणारी, म्हातारी माणसं. पण संदेशाने खचलेल्या मुलाला बाप समजावतो की तू कोण, हे आईबाप ठरवत नसतात. तू जे निवडतोस आणि जे करतोस, त्यातून तू घडतोस. आणि शेवटी सुपरमॅन जखमा भरून काढत पडलेला असताना यंत्रमानव जेव्हा त्याच्या आईवडिलांचा संदेश लावतात, तेव्हा पडद्यावर क्रिप्टनचे राजस चेहरे नसतात. केंट आईबाबांचे घरगुती व्हिडिओ असतात. लहानपण, अंगण, हसणं. मी तिथे रडले. भावाने न बोलता रुमाल दिला.

इथवर कर्ण आणि सुपरमॅन बरोबरीने चालतात. पण कर्णाच्या उत्तराचाही एक उरलेला भाग आहे आणि कर्णाचे चाहते (मीही त्यातलीच!) तो भरभर वाचून पुढे जातात. राधा आणि अधिरथ यांच्या पाठोपाठ तो दुर्योधनाचं नाव घेतो. त्याच्या आधाराने मी इतकी वर्षं राज्य भोगलं, आता त्याला सोडू कसा? त्याच दमात तो हेही मान्य करतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा मला पश्चात्ताप होतो. म्हणजे त्याला कळत होतं. धर्म कुठल्या बाजूला आहे हेही कळत होतं. तरी तो उपकाराच्या बाजूला उभा राहिला.

राधेबद्दलची कृतज्ञता आणि दुर्योधनाबद्दलची कृतज्ञता, दोन्ही एकाच तोंडून निघाल्या. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण पहिलीने त्याला माणूस केलं आणि दुसरीने त्याचे हात बांधले. ज्याने आपल्याला घडवलं त्याच्यावर प्रेम करणं वेगळं आणि त्याची चूक आपल्या पोटात दडवून ठेवणं वेगळं. मी दोन महिने आबांच्या बाबतीत नेमकी इथेच अडकले होते. मला वाटत होतं की दोनच रस्ते आहेत. एक तर आबांना फेकून द्यायचं, पोथीसकट. नाहीतर कागद परत ट्रंकेत ठेवायचा.

सुपरमॅनकडे बघून एक गोष्ट लक्षात आली. अर्धा संदेश ऐकून त्याने जी माणसं वाचवली, ती उरलेला अर्धा कळल्यावर बुडाली नाहीत. ती खार जिवंतच आहे ना! चांगुलपणा ज्याच्या तोंडून ऐकला, तो माणूस कमी पडला म्हणून चांगुलपणा खोटा ठरत नाही. आबांनी शिकवलेलं खरं होतं. आबांनी केलं तेही खरं. आता संदेश पुरा झाला आहे आणि पुढची जबाबदारी माझी आहे.

धाकटी आजी तर गेली. तिची मुलगी, माझी आत्या, पिंपरीत दोन खोल्यांत राहते. दोन रविवारांपूर्वी मी गेले. कागदाची झेरॉक्स तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "आत्या, हे चुकीचं झालंय. आमच्याकडून झालंय." तिने अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाली, "आईला माहीत होतं गं. शेवटपर्यंत म्हणायची, भावोजी एकदा येऊन बोलले असते तरी चाललं असतं." आणि उठून चहा ठेवला. त्या चहाच्या घोटाइतका जड घोट मी आजवर घेतला नाही.

जमिनीचं काय? बाबांशी दोनदा बोलले. पहिल्यांदा ते उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत. परवा सकाळी पाहिलं तर सातबाऱ्याचा उतारा त्यांनी स्वतःच काढून देवघराशेजारी ठेवला होता. कुणी काही बोललं नाही. मीही घाई करत नाहीये, पण सोडणारही नाहीये.

आणि हो, आज पहाटे पोथी उघडली. आबांच्या खुणा तशाच आहेत. आता त्या एका चुकलेल्या माणसाच्या खुणा आहेत, आणि म्हणूनच की काय, पहिल्यांदा मला त्या नीट वाचता आल्या.

आजचा नेम एवढाच करूया. ज्याने तुम्हाला घडवलं, त्या माणसाला आज मनापासून नमस्कार करा. आणि त्याच्याकडून कुणाचं काही राहिलं असेल, तुम्हाला ते माहीत असेल, तर त्या घरी आज एक फोन करा. पैसे, जमीन नंतर. आधी नुसता फोन.

पोस्टर? कॅव्हिल टेबलावर आहे अजून. पण काल भावाने त्याच्या शेजारी त्या केपवाल्या कुत्र्याचं चित्र चिकटवलंय. राहू दे म्हटलं.

राम कृष्ण हरी.