सत्ता सर्वज्ञ नसते

ॲडम कर्टिस यांचा ‘हायपरनॉर्मलायझेशन’ हा माहितीपट १६ ऑक्टोबर २०१६ रोजी बीबीसीच्या आयप्लेअरवर आला. जवळजवळ पावणेतीन तासांचा हा माहितीपट १९७५ सालच्या दोन शहरांपासून सुरू होतो. न्यूयॉर्कमध्ये कर्जात बुडालेल्या शहराचा कारभार बँकांच्या ताब्यात जातो. दमास्कसमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी आपल्याला फसवलं असं मानणारे सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद सूडाच्या वाटेला लागतात. पुढे लिबियाचे गडाफी, रेगन, आत्मघाती हल्ले, इंटरनेटच्या स्वातंत्र्याची स्वप्नं, पुतिन यांचे तेव्हाचे सल्लागार व्लादिस्लाव सुर्कोव्ह असा प्रवास करत माहितीपट ट्रम्प यांच्यापर्यंत येतो. कर्टिस यांचं म्हणणं असं, की खरं जग फार गुंतागुंतीचं झालं, ते राज्यकर्त्यांना आवरेना. म्हणून त्यांनी आणि वित्तसंस्थांनी एक सोपं, खोटं जग उभारलं. ते खोटं आहे हे कळत असूनही आपण त्यात राहू लागलो, कारण तिथे राहणं सुखाचं होतं. माहितीपट आल्यानंतर महिन्याभराच्या आत ट्रम्प निवडून आले आणि अनेकांना तो भविष्यवाणीसारखा वाटू लागला.

गेल्या काही वर्षांत हा माहितीपट पाहिलेली बरीच माणसं मला भेटली, त्यांत तरुण अधिक. पहिल्यांदा ‘डोळे उघडले’ असं ती म्हणतात, आणि ते खरंच असतं. पण थोडं बोलणं झालं की दुसरं वाक्य येतं: सगळं वरच्या वर ठरलेलं असतं, सगळे एकाच माळेचे मणी, आपल्या हातात काय आहे? या दुसऱ्या वाक्याची मला मनापासून काळजी वाटते. ज्या पिढीने राजकारणातून अंग काढून घेतलं तिच्यावर हा माहितीपट कडक आरोप करतो, आणि तो पाहून उठलेला प्रेक्षक नेमकं तेच करतो. अशा निराशेत एक मोठी सोय आहे. कोणालाच काही करता येत नसेल, तर मी काही केलं नाही याचा जाब मला कोण विचारणार?

दोष फक्त प्रेक्षकाचा आहे असं मला वाटत नाही. ही निराशा माहितीपटाच्या मांडणीतच आहे, आणि ती कशी आली हे न्यूयॉर्कच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं.

कर्टिस सांगतात ते खोटं नाही. १९७५ च्या वसंतात बँकांनी शहराचे रोखे घेणं थांबवलं. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने आणीबाणीचं वित्त नियंत्रण मंडळ नेमलं आणि निवडून आलेल्या महापौरांच्या हातातली तिजोरीची किल्ली काढून घेतली. हजारो पोलीस, शिक्षक, सफाई कामगार घरी बसले. सबवेचं तिकीट ३५ सेंटवरून ५० सेंटवर गेलं. १८४७ पासून शहराच्या सार्वजनिक महाविद्यालयांत चालत आलेलं मोफत शिक्षण १९७६ मध्ये संपलं. लोकशाहीवर हा मोठा घाला होता. त्यानंतर जगभर काटकसरीच्या नावाखाली जे झालं त्याची रंगीत तालीम इथे झाली, हे मला मान्य आहे. पण मग पडद्यावर गायिका पॅटी स्मिथ येतात. डाव्या विचारांचे तरुण आणि कलावंत लढायचं सोडून स्वतःत रमले, शहर कोसळताना थंडपणे बघत राहिले, असा निष्कर्ष निघतो.

त्याच शहरात त्याच वर्षी काय चाललं होतं? ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्गचा नॉर्थसाइड हा भाग आहे. तिथे तेव्हा पोलिश वंशाचे कामकरी लोक राहत, घरं बरीचशी लाकडी. काटकसर म्हणून नोव्हेंबर १९७५ मध्ये तिथलं २१२ क्रमांकाचं अग्निशमन केंद्र बंद करायचा हुकूम निघाला. रहिवासी केंद्रात घुसले आणि त्यांनी बंब बाहेर जाऊ दिला नाही. बायका-पुरुष पाळ्या लावून तिथे झोपू लागले. वर्ष उलटलं तरी ते हटले नाहीत. १९७७ मध्ये प्रशासनाला तिथे अग्निशमन सेवा पुन्हा सुरू करावी लागली. ब्राँक्समध्ये पोर्तो रिकन वस्तीसाठी १९६८ मध्ये स्थापन झालेलं होस्तोस कॉलेज याच काटकसरीत बंद पडणार होतं. १९७६ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षकांनी इमारतीचा ताबा घेतला, रस्त्यावर वर्ग भरवले, आणि कॉलेज टिकलं. ते आजही चालू आहे. आणि १७ ऑक्टोबर १९७५ रोजी शहर दिवाळखोरीपासून काही तासांवर आलं, तेव्हा ते सावरलं शिक्षक संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीने. कामगारांच्या म्हातारपणाच्या पुंजीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले गेले. म्हणजे बँका जिथून मागे सरल्या तिथे शिक्षकांनी खांदा दिला, तोही बराच दबाव आल्यावर आणि धोका पत्करून.

यातलं काही माहितीपटात येत नाही. नॉर्थसाइडचा विजय फार मोठा होता असं मी म्हणत नाही. २००३ मध्ये ते केंद्र शहराने अखेर बंद केलंच. मोफत शिक्षणही परत आलं नाही. लोक बहुतेक ठिकाणी हरले. पण लढून हरणं आणि न लढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लढणारे काढून टाकले की पुढच्या पिढीच्या हाती एवढंच येतं, की तेव्हाही कोणी काही केलं नव्हतं.

शीर्षकाची कथा याहून बोलकी आहे. ‘हायपरनॉर्मलायझेशन’ ही कल्पना कर्टिस यांनी घेतली अलेक्सेई युर्चाक यांच्याकडून. ते लेनिनग्राडमध्ये वाढलेले, पुढे अमेरिकेत बर्कलीला मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. सोव्हिएत संघाच्या शेवटच्या दशकांवरचं त्यांचं पुस्तक आहे. माहितीपटात त्याचं सार असं येतं: सगळं खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसरं काही सुचत नसल्यामुळे सगळे नाटक वठवत राहिले. युर्चाक यांनी ज्या समजुतीला विरोध केला ती नेमकी हीच. स्टालिननंतर सरकारी भाषा साच्यात गोठली, भाषणं जुन्या भाषणांचे तुकडे जोडून लिहिली जाऊ लागली, हे ते सांगतात. पण त्या गोठलेल्या साच्याच्या आडोशाला माणसांनी खरंखुरं आयुष्य उभं केलं, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. युवक संघटनेचा एखादा चिटणीस रटाळ अहवाल यांत्रिकपणे लिहून मोकळा व्हायचा आणि त्याच पदाचा उपयोग करून मनापासून काही उपक्रम चालवायचा. कोणी बॉयलर-खोलीतली नोकरी धरायचं, कारण तिथे वाचायला आणि गायला वेळ मिळे. मैत्री, संगीत, विज्ञान, भलामोठा रिकामा वेळ, हे सगळं खोटं नव्हतं. म्हणूनच व्यवस्था कोसळेल असं कोणाला वाटलं नव्हतं, आणि कोसळली तेव्हा आपण त्यासाठी कधीचे तयार होतो हेही अनेकांना जाणवलं. माणसांच्या सर्जनशीलतेबद्दलच्या या पुस्तकातून माहितीपटाने फक्त गुदमरणं उचललं.

कर्टिस यांची शैली विलक्षण आहे. बीबीसीच्या संग्रहातली विसरलेली दृश्यं, मध्येच थबकवणारं संगीत, आणि त्यावर सर्व काही जाणणारा एकच शांत आवाज. हा आवाज जोडत जातो आणि आपण मान डोलवत जातो. सीरिया आणि लिबियाच्या प्रकरणांत पाश्चात्त्य सत्ता स्वतःच रचलेल्या कथांना कशी बळी पडते, हे त्यांनी ज्या ताकदीने दाखवलं आहे तसं फार थोड्यांनी दाखवलं असेल. पण तिथे त्यांचा स्वतःचा पुरावाच सांगतो की सत्ताधारी चाचपडत असतात, चुकतात, घाबरतात. आवाजाचा सूर मात्र सांगतो की जाळं अखंड आहे. प्रेक्षकाच्या मनात पुराव्यापेक्षा सूर जास्त काळ राहतो. २०२२ च्या ‘रशिया १९८५–१९९९ : ट्रॉमाझोन’ या मालिकेत त्यांनी निवेदनाचा आवाज पूर्ण काढून टाकला आणि फक्त माणसं दाखवली. मला ती त्यांची सर्वांत प्रामाणिक कृती वाटते, जरी तिचा विषय कितीतरी अधिक भीषण आहे.

काळोख दाखवणं आणि हतबल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या कामात दिसतं. १९८५ च्या ‘बॉम्बे : अवर सिटी’मध्ये झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यावरच उखडते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी काय करणार, असं ती दिग्दर्शकाला सुनावते. पटवर्धन यांनी ते दृश्य कापलं नाही. त्या एका दृश्याने प्रेक्षकाची जागा बदलते. तिच्या प्रश्नापुढे ‘आपल्या हातात काय आहे’ हे उत्तर लाजिरवाणं ठरतं, कारण ती स्वतः हात वर करून बसलेली नाही, ती भांडते आहे.

त्याच माहितीपटात शाहीर विलास घोगरे यांचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धन यांनी चौदा वर्षं चित्रीकरण केलं आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. तीन तासांहून मोठा, कर्टिस यांच्या माहितीपटाहून कमी काळोखा नाही. पण इथे सत्तेला हुद्दा आहे, हुकूम आहे, तारीख आहे. टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार केला, या पोलिसांच्या दाव्याची दृश्यं समोर ठेवून तपासणी आहे. हा माहितीपट वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला, ज्यांच्यावर तो आहे त्यांच्याच समोर, आणि त्यावर बोलणंही तिथेच झालं. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. बारा वर्षं वस्तीने हा खटला सोडला नाही. सगळं वरच्या वर ठरलेलं असतं हे त्या वस्तीइतकं जवळून कोणी पाहिलं असेल? तरीही साक्षीदार कोर्टात गेले, उलटतपासणीला उभे राहिले आणि त्या दिवशी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं.