मामा म्हणाले म्हणून सही केलीस?

खाली बस आणि मी बोलते ते पुरतं ऐक. रडायचं असेल तर नंतर रड.

वाचलंस का, एवढंच विचारलं तर मान खाली घालून म्हणतेस, ‘मामा म्हणाले, कर सही.’ दहावीला माझ्याच वर्गात नागरिकशास्त्राचे हक्क तुला तोंडपाठ होते. आणि नवऱ्याच्या चुलतभावाने पाचशेचा स्टॅम्पपेपर पुढे सरकवला, तर तू पान उलटूनही पाहिलं नाहीस!

काढ तो कागद. तिसरा परिच्छेद मोठ्याने वाच. ‘लिहून देणार हिचे सर्व स्त्रीधन हिला पोहोचले असून यापुढे पोटगीची अगर अन्य कोणतीही मागणी राहिलेली नाही.’ पोहोचलं? तुझ्या पाटल्या आणि आईने घातलेला हार सासूच्या कपाटात आहे, हे तूच मला सांगितलंस. मग हे पोहोचलं कुठे? खाली नोटरीचा लाल शिक्का आणि दोन साक्षीदार, दोघेही त्यांच्याच घरचे. तुझ्या बाजूचं त्या कागदावर काय आहे? तुझी सही.

याला तुम्ही फारकत म्हणता. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि कायद्याचं कलम २९ त्याला जागा देतं. पण तशी रूढी आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. चार नातेवाईक ओटीवर बसले म्हणून ती सिद्ध होत नाही. म्हणजे आजही तू त्याची बायको आहेस. या कागदाच्या भरवशावर त्याने किंवा तू दुसरं लग्न केलंत, तर ते रद्दबातल, आणि वर सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. हे मामांनी सांगितलं होतं?

पोटगीचा हक्क असा खासगी कागदावर सोडून देता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. लेकीचा खर्च तर तिचा स्वतःचा हक्क; तो सोडायला तू कोण? तेव्हा सगळं गेलेलं नाही. पण यात तुझी हुशारी काही नाही, कायद्याने तुला सांभाळून घेतलंय.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे मला ऐकवू नकोस. ती पायरी चढली नाहीस म्हणूनच हा कागद तुझ्या हातात आहे. आणि ‘वकिलाला पैसे कुठून आणू’ हेही नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा आहे. त्याच्या कलम १२प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन लाव. नेमून दिलेल्या वकिलाने तुझ्याकडे पैसे मागायचे नसतात. मागितले तर तिथेच लेखी तक्रार कर. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात बाईला कोर्ट फीसुद्धा माफ आहे, १९९४ पासून. पोरी, रात्र रात्र मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलीस, तेवढ्यात हे विचारून झालं असतं.

तुला वेगळं व्हायचंय ना? व्हावंस असंच मलाही वाटतं. त्या घरात तुझे काय हाल झाले ते मला ठाऊक आहे. पण रीतीने हो. परस्परसंमतीने हवं असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग साधारण सहा महिन्यांचा अवधी. योग्य प्रकरणात तो माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवलंय. आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे नीट लक्षात ठेव, कारण दागिने आणि लेकीचा खर्च लेखी ठरल्याशिवाय तू हो म्हणायचं नाहीयेस. तो अडून बसला तर एकटीने दावा लाव. तू राहतेस तिथल्या न्यायालयात तो लावता येतो, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. दावा चालू असताना कलम २४खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्चही मागता येतो. ‘माझा पगारच बारा हजार’ असं तो म्हणेल. म्हणू दे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर तोच अडकेल.

मामांवर राग धरू नकोस, पण कायद्याचा सल्लाही त्यांना विचारू नकोस. ते तुझं भलं चिंततात, कायदा त्यांना येत नाही.

लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, लेकीचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या आणि हा कागद, सगळं रविवारी एका पिशवीत भर. सोमवारी न्यायालय उघडताच प्राधिकरणाच्या दारात उभी राहा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.