गुणगौरवाची यादी

यादी करणे हा माझा व्यवसाय आहे. केंद्र सरकारच्या बंगळुरातील एका कार्यालयात, आस्थापना शाखेत, मी उच्च श्रेणी लिपिक आहे. ज्येष्ठतेची यादी, बदल्यांची यादी, बढतीस पात्र ठरलेल्यांची यादी अशा नाना याद्यांत माझी बारा वर्षे गेली. यादीचा म्हणून एक धर्म असतो. शेवटच्या नावाखाली जी रेघ ओढली जाते, तिला दयामाया असून चालत नाही. रेघेखाली कोण राहिला, त्याच्या घरी काय परिस्थिती आहे, याचा विचार लिपिक करू लागला तर उद्या रेघच उरणार नाही. उरेल ती केवळ वशिल्याची रांग. हे मला पहिल्यापासून मान्य होते आणि बव्हंशी आजही आहे. तथापि गेल्या वर्षी केलेली एक यादी अद्याप मनातून जात नाही, आणि ती कचेरीची नव्हती.

नोकरीनिमित्त येथे येऊन पडलेल्या आम्हां मराठी माणसांचे एक लहानसे मंडळ आहे. गणपती, कोजागिरी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि जून महिन्यात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव, एवढाच त्याचा संसार. गुणगौरवाचा नियम असा की, ९० टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या मुलाचे नाव पुकारायचे, त्याला पुष्पगुच्छ आणि एक पुस्तक द्यायचे. अर्ज गोळा करून यादी करण्याचे काम, माझा व्यवसाय ठाऊक असल्यामुळे, कार्यकारिणीने माझ्या गळ्यात घातले.

अर्ज घ्यायला बसलो असता लष्करातील एक हवालदार आले. मूळचे माण तालुक्यातले. मुलाची गुणपत्रिका त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. टक्के भरले अडुसष्ट. मी नियम सांगितला. सांगताना माझा आवाज कचेरीतला झाला असावा; "नियमात बसत नाही" हे शब्द मी किती वेळा उच्चारले असतील त्याची गणती नाही. ते म्हणाले, "साहेब, मला वाटलं, आपला मुलगा दहावी झाला की देतात." मग गुणपत्रिका पुन्हा पिशवीत घालून, पिशवीची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेले. त्यात कसलीही तक्रार नव्हती. यादीत चौदा नावे झाली. समारंभ उत्तम झाला.

खरे म्हणजे त्यांचे वाक्य हाच सगळा प्रश्न आहे, हे मला त्या वेळी समजले नाही. आपला मुलगा दहावी झाला. यात 'आपला' हा शब्द मोठा की 'दहावी'?

हा मुलगा केंद्रीय विद्यालयात शिकत होता. माझी मुलगीही त्याच शाळेत आहे. बदलीच्या नोकरीतील वाचकांना या शाळांची ओळख करून देणे नको. पण त्या का निघाल्या हे आपणही विसरतो, म्हणून सांगतो. सरकारी नोकराची बदली झाली की मुलाचे शिक्षण मध्येच तुटते, भाषा बदलते, पाठ्यपुस्तके बदलतात. यावर उपाय म्हणून दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून भारत सरकारने १९६२ साली ही योजना मान्य केली आणि १९६३-६४ मध्ये लष्करी ठाण्यांतील वीस रेजिमेंटल शाळा घेऊन तिचा आरंभ झाला. आज अशी साडेबाराशेहून अधिक विद्यालये आहेत. एकट्या बंगळुरात मल्लेश्वरम्, हेब्बाळ, जालहळ्ळी, भारतीय विज्ञान संस्थेचे आवार अशा कितीतरी ठिकाणी ती आहेत. अभ्यासक्रम सर्वत्र एकच. तेजपूरला अर्धवट राहिलेला धडा बंगळुरात पुढे चालू व्हावा अशी कल्पना. धडा पुढे चालू होतो हे खरे. मैत्री मात्र पुढे चालू होत नाही.

या विद्यालयांचा एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. प्रवेशासाठी मुले अधिक आणि जागा थोड्या असल्या, तर पालकाच्या गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या ते मोजतात, आणि ज्याच्या बदल्या जास्त त्याला अग्रक्रम देतात. म्हणजे शासनासारखी कोरडी यंत्रणादेखील, मनात आणले तर, मुलाने तुडवलेली वाट मोजू शकते. तिला एक आकडा देऊ शकते. परंतु ही मोजणी दारातून आत येतानाच होते. पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा दहावीची गुणपत्रिका घेऊन बाहेर पडतो तेव्हा कोणी ती वाट मोजत नाही. हवालदारांच्या मुलाने पठाणकोट, जोधपूर, तेजपूर आणि बंगळूर अशा चार शाळा पाहिल्या होत्या. माझ्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. अर्ज मीच तयार केला होता.

आता दुसरी बाजू. ती मी उपचारापुरती मांडत नाही, कारण ती माझीच बाजू आहे. मी स्पर्धा परीक्षेतून नोकरीस लागलो. माझ्या वडिलांची कोणाशी ओळख नव्हती. माझ्यासाठी बोलला तो केवळ माझा क्रमांक. गुणांची चेष्टा करणे ही पुष्कळदा ओळखीपाळखी असलेल्यांची चैन असते. चिंतामणराव देशमुखांसारखा कुलाबा जिल्ह्यातील नात्याचा मुलगा १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला येतो आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवतो, तेव्हा त्या पहिल्या क्रमांकाने साऱ्या मराठी मुलखाला उभारी दिली असणार. 'बोर्डात आलेला' मुलगा आणि त्याला पेढा भरवणारी आई, हे वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून किती घरांत दिवा उशिरापर्यंत जळला असेल! अलीकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ गुणवत्तायादी जाहीर करीत नाही. मुलांमध्ये अनिष्ट स्पर्धा नको म्हणून, असे कारण त्याने २०२३ च्या निकालाच्या वेळी दिले. तो निर्णय योग्य असेलही. परंतु पहिल्याला पहिला म्हणायचे नाही, यात मला थोडा भित्रेपणाही दिसतो.

असे असताना मग मला बोचते ते काय? शोध घेता घेता मी एका फार जुन्या गुणगौरवापाशी येऊन थांबलो. १९०७ साली मुंबईत एका मुलाने मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली. एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी, सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा भीमराव. साताऱ्याच्या शाळेत त्याला बसायला वेगळे गोणपाट होते आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळत होते. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. माझी सवय मोडत नाही म्हणून हिशेब केला: ३७.६ टक्के. माझ्या टेबलावर तो अर्ज आला असता तर मी काय म्हणालो असतो, हे वाचकांना सांगायला नको.

त्या मुलासाठी मात्र सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे त्याच केळुसकरांनी त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे. पण 'पुढे हा मुलगा डॉ. आंबेडकर झाला, म्हणून तो गौरव योग्य ठरला' असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही. तो पुढे काहीही झाला नसता, एखाद्या कचेरीत माझ्यासारखा लिपिक झाला असता, तरी ती सभा योग्यच होती. सभेतल्या लोकांना भविष्य दिसत नव्हते. त्यांना मुलगा कोठून आला ते माहीत होते, आणि त्या दिवसाला तेवढे पुरेसे होते.

येथे मला दोन कामांतील भेद स्पष्ट झाला. निवड हे एक काम आणि गौरव हे दुसरे. जागा एक आणि उमेदवार शंभर असतील तेव्हा निवड करावी लागते, आणि तेथे गुणांखेरीज काही पाहणे म्हणजे उरलेल्या नव्याण्णवांवर अन्याय करणे होय. गौरवाच्या सभेत अशी कोणती जागा अपुरी असते? पुष्पगुच्छ? आम्ही निवडीची रीत उचलून गौरवाच्या दारात आणून ठेवली. आणि तसे का केले याचे उत्तर फारसे भूषणावह नाही. केळुसकर त्या मुलाला चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसलेला पाहात असत. त्यांनी त्याला पाहिले होते. आमच्या कार्यकारिणीपैकी कोणी चौदा मुलांपैकी एकालाही शिकताना पाहिले नव्हते. गावाकडे मास्तरांना आणि दुकानदारालाही प्रत्येक मूल ठाऊक असे. आपण परमुलखात वर्षातून चार वेळा भेटणारी माणसे. ज्याने मुलाला पाहिलेले नाही त्याच्या हाती गुणपत्रिकेशिवाय दुसरे काय असणार? टक्केवारी ही न पाहणाऱ्याची सोय आहे.

हा विचार मी सप्टेंबरच्या बैठकीत मांडला. एक सेवानिवृत्त सभासद म्हणाले, "मग प्रत्येक जण आपली अडचण लिहून आणील. कोणाची मोठी हे तुम्ही ठरवणार का?" प्रश्न बिनतोड होता. आईचे आजारपण आणि चार बदल्या यांची तुलना मी कोणत्या कोष्टकात करू? दुःखाची ज्येष्ठता यादी करण्याची वेळ यावी, हे तर टक्केवारीहूनही वाईट. विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला आणि अद्याप तो तेथेच आहे.

डिसेंबरात मुलीच्या शाळेचा क्रीडादिन झाला. बहुतेक केंद्रीय विद्यालयांत मुलांची चार सदने असतात: शिवाजी, टागोर, अशोक आणि रामन. पद्धत मुळात विलायती वसतिगृहांची. नावे मात्र आपली. ही चारही नावे कन्नड मुलखाशी जोडलेली आहेत. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. अशोकाचे नाव ज्यात कोरलेले सापडले तो शिलालेख रायचूर जिल्ह्यातील मस्कीचा. टागोरांचा येथे १९२८ साली मुक्काम झाला होता. आणि रामन तर आपल्याच जातकुळीचे, म्हणजे केंद्र सरकारचे बदलीपात्र नोकर! १९०७ साली ते वित्तखात्यात कलकत्त्यास रुजू झाले. तेथून रंगूनला आणि पुढे नागपूरलाही त्यांची बदली झाली होती. नोबेल १९३० साली मिळाले आणि १९३३ मध्ये ते बंगळुरास आले.

मैदानावर जे पाहिले ते मला आवडले. धावणारा एकटा धावतो, परंतु त्याचे गुण सदनाच्या खात्यात जमा होतात. अखेरीस फळ्यावर चारच आकडे राहतात. माझ्या मुलीचे सदन शिवाजी. त्याचा तिसरा क्रमांक आला आणि तरीही त्यांच्या तंबूत आनंद चालला होता. तेथे एक उंच, सावळा मुलगा लहान मुलांना पाण्याच्या बाटल्या वाटीत होता. तो कोण म्हणून मी विचारले.

मुलगी म्हणाली, "बाबा, तो दादा. नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यात एकटं जेवू देत नाही तो. मी नागपूरहून आले ना, तेव्हा रोज माझ्याशेजारी कोणालातरी आणून बसवायचा."

नागपूरहून आलो त्या पहिल्या महिन्यात मुलगी घरी येऊन रडली नाही, याचे श्रेय मी तिच्या समजूतदारपणाला देत होतो आणि थोडे स्वतःच्या संस्कारांनाही. मुलाचे आडनाव ऐकले आणि मला ती प्लॅस्टिकची पिशवी आठवली.

मी हवालदारसाहेबांकडे जाऊन काही बोललो नाही. काय बोलणार होतो? तुमच्या मुलाने माझ्या मुलीला सोबत दिली, म्हणून आता तो नियमात बसतो, असे? ती तर देवघेव झाली असती. तो मुलगा माझ्या मुलीला भेटलाच नसता तरी माझी चूक तेवढीच राहिली असती.

मार्चअखेर त्यांची बदली पुन्हा निघाली, या वेळी झाशीला. अकरावीची परीक्षा उरकून मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येत होता. मला बसथांब्यावर भेटला. त्याने ओळख दिली, मुलीची चौकशी केली. तिकडेही केंद्रीय विद्यालयच आहे ना, असे मी विचारले, आणि बोलायला दुसरे काही न सुचल्यामुळे म्हणालो, "तिथे कोणतं सदन मिळेल, कोण जाणे. शिवाजीच मिळालं तर बरं."

तो हसला. "पठाणकोटला अशोक, जोधपूरला रामन, तेजपूरला टागोर, इथं शिवाजी. माझी चारही झालीत, काका. आता परत पहिल्यापासून."

त्याची बस आली. दाखला त्याने तशाच एका पिशवीत ठेवला होता.